प्रकाशाने कॅन्सर मारणारं नॅनो औषध बाबांना मिळू शकतं का? कोणीतरी नीट समजावून सांगा

कराडची_मानसी · मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार. पोस्ट मोठी होणारे, तरी पूर्ण वाचा प्लीज, घरात सध्या कोणालाच शांतपणे विचार करता येत नाहीये.

बाबा ६१ वर्षांचे. तंबाखू चाळीस वर्षं होती, आता सुटलीय पण फार उशिरा सुटली. मागच्या वर्षी डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, छातीचं मांस घेऊन गाल भरला, नंतर ३० शेक आणि सोबत किमो. सात महिने बरे गेले, भाकरी कुस्करून का होईना पण खात होते. आता मानेत त्याच बाजूला परत गाठ आलीय, बायोप्सीत तोच कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय, परत कापता येणार नाही. आता गोळ्या आणि त्याबरोबर कमी डोसचं इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, दर तीन आठवड्यांनी, असं सुचवलंय.

भाऊ बंगळुरूला असतो, त्याने एक बातमी पाठवली. त्यात असं की औषधाचे कण शरीरात किंवा पाण्यात आपोआप एकमेकांना धरून गोळा होतात, गाठीत जाऊन बसतात, वरून लेझरचा प्रकाश टाकला की गाठ मरते आणि वर शरीराची प्रतिकारशक्तीसुद्धा जागी होऊन लांबची दुसरी गाठही जाते. फोटोत एका उंदराच्या दोन्ही बाजूच्या गाठी गेलेल्या दाखवल्यात. तेव्हापासून घरात हाच विषय. आई म्हणते लाईट तर देऊन झाली की ३० वेळा, अजून कसली लाईट. तिला काय सांगू मलाच कळेना.

आणि खरी अडचण इथेच आहे. भावाने कुठल्यातरी साईटवर फॉर्म भरला तर एका सेंटरमधून फोन आला, नॅनो लाईट थेरपी आमच्याकडे आहे, तीन सिटिंग, साडेतीन लाख, निम्मे आधी भरा, आणि ‘तोपर्यंत बाकीची औषधं सुरू करू नका’ असं म्हणाले. मला हे शेवटचं वाक्य खटकलं. पण भाऊ म्हणतो एक चान्स घ्यायला काय हरकत आहे, मी जमीन तारण ठेवतो.

तर हे नक्की काय प्रकरण आहे, खरं आहे का, भारतात आहे का, आणि बाबांच्या बाबतीत थांबण्यात अर्थ आहे का? जे असेल ते स्पष्ट सांगा, मला खोटा धीर नकोय.

---

रेणूंचा_मेळ · बुधवार, सकाळी ७:१५

मानसीताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, बाकीचं नंतर. थांबू नका. पैसे भरू नका. ज्या औषधाची ती बातमी आहे तसल्या औषधाला कॅन्सरसाठी आपल्याकडे मंजुरीच नाही, त्यामुळे ते कोणी साडेतीन लाखाला विकत असेल तर ते नक्की काय टोचणार आहेत हा प्रश्न आहे.

आता विज्ञान. मी डॉक्टर नाही, पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी केली आणि पाच वर्षं नेमकं हेच काम केलं, पॉर्फिरिन नावाच्या रंगाच्या रेणूंवर. म्हणून हे खोटं आहे असं मी म्हणणार नाही. खरं आहे, आणि फार सुंदर आहे. फक्त ते कुठपर्यंत पोचलंय हे समजून घ्या.

आईंच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सगळ्यात बरोबर प्रश्न आहे. शेक म्हणजे रेडिएशन, ते किरण स्वतःच पेशीचा डीएनए तोडतात, वाटेत येईल त्याला थोडंफार भाजत जातात. इथली लाईट म्हणजे साधा लाल प्रकाश. तो नुसता गालावर टाकला तर काहीच होत नाही, लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवून लाल बोटं बघायचो ना आपण, तसाच प्रकाश. काम करतो तो रंग. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो, आणि तो ऑक्सिजन असा काही चवताळतो की हाताला लागेल ते जाळतो, पण फार लांब जाऊ शकत नाही, पेशीच्या आतच अगदी थोड्या अंतरावर संपतो. म्हणजे रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन तिन्ही एका जागी आले तरच पेशी मरते, तिघांतला एक नसला तर काही नाही. फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात ती हीच. आणि ही कालची गोष्ट नाही हो, १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पॅरामेशियम या पाण्यातल्या एका पेशीच्या जीवावर ॲक्रिडिन रंगाचा प्रयोग करत होता, तेच द्रावण तेच जीव पण एकदा पटकन मरायचे एकदा जगायचे, शेवटी कळलं की फरक उजेडाचा आहे. माणसांसाठीचं पहिलं औषध फोटोफ्रिन, ते कॅनडात १९९३ ला आणि अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं, अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी वगैरे वापरतात.

मग नॅनो कशाला? तर हे रंग पाण्यात विरघळत नाहीत, रक्तात टोचले की कुठेही गुठळ्या करतात, कातडीत जाऊन बसतात. फोटोफ्रिन घेतलेल्या माणसाला महिनाभर तरी उन्हात जाता येत नाही, गेला तर भाजतो. म्हणून रेणूच असा बनवायचा की त्याचं एक टोक तेलकट आणि एक टोक पाणी आवडणारं. असे रेणू पाण्यात टाकले की ते काय करतात? तुम्ही कराडच्या, धनगरांची मेंढरं पावसात बघितली असतील, सगळी डोकी आत घालून पाठी बाहेर करून गोल उभी राहतात, त्यांना कोणी रांग लावून देत नाही. तसंच. तेलकट टोकं आत, बाकीची बाहेर, आपोआप गोळा तयार. सेल्फ असेंब्ली म्हणतात ती एवढीच, कुठलं यंत्र नाही, कुठला रोबोट नाही, व्हिडिओत दाखवतात तसं काही चालत जात नाही.

पण यातली खरी गंमत पुढे आहे आणि मला अजूनही ती विलक्षण वाटते. हे रंगाचे रेणू इतके दाटीने बसले की एकाने घेतलेली ऊर्जा तो ऑक्सिजनला देण्याआधीच शेजाऱ्याला जाते, शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याला, आणि शेवटी नुसती उष्णता होऊन विरते. म्हणजे गोळा शाबूत असेपर्यंत तो विषारी ऑक्सिजन जवळजवळ बनतच नाही. गोळा पेशीत जाऊन फुटला, मेंढरं पांगली, की प्रत्येक रेणू मोकळा आणि कामाला तयार. कुलूप आणि किल्ली वेगळी नाहीच, गर्दी हेच कुलूप. टोरोंटोमध्ये गँग झेंग यांच्या लॅबमध्ये जोनाथन लव्हेल वगैरेंनी २०११ मध्ये पॉर्फिसोम म्हणून असे गोळे केले, साधारण १०० नॅनोमीटरचे, एकेका गोळ्यात ८० हजारांच्या वर पॉर्फिरिन. औषधाला वेगळं वेष्टणच नाही, औषध हेच वेष्टण. तो पेपर वाचला तेव्हा मी एमएस्सीला होतो आणि त्यामुळेच या विषयात आलो.

आता भावाने पाठवलेल्या फोटोबद्दल. दोन्ही बाजूच्या गाठी, प्रकाश एकाच बाजूला, तरी दुसरीही गेली. असे प्रयोग खरंच झालेत. शिकागोच्या वेनबिन लिन यांच्या ग्रुपने २०१६ मध्ये आत ऑक्सॅलिप्लॅटिन किमो आणि वरच्या थरात हाच प्रकाशाचा रंग असे कण केले, सोबत गाठीवरच्या पीडी-एल१ या प्रथिनाला अडवणारी अँटीबॉडी दिली, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या उंदरांत दोन्हीकडच्या गाठी आटल्या. कारण असं की अशा रीतीने मेलेली पेशी गुपचूप मरत नाही, बोंब मारून मरते. कॅल्रेटिक्युलिन नावाचं प्रथिन, जे एरवी पेशीच्या आत असतं, ते बाहेरच्या भिंतीवर येतं आणि ‘मला खा’ अशी खूण देतं, एटीपी, एचएमजीबी१ असे आतले पदार्थही धोक्याची खूण म्हणून बाहेर सांडतात, मग पहारा देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी येऊन ते तुकडे उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशींना, नेऊन दाखवतात की हा बघा चोर असा दिसतो. टी पेशी मग शरीरभर शोधायला निघतात. फक्त गाठ त्या पीडी-एल१ ने त्यांचा ब्रेक दाबून धरते, तो ब्रेक म्हणजे पीडी-१, आणि तो सोडवणारी औषधं म्हणजे तुमच्या बाबांना सुचवलेली इम्युनोथेरपी. अशा ब्रेकच्या शोधांनाच २०१८ चं नोबेल मिळालं, पीडी-१ साठी होंजो यांना आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकसाठी ॲलिसन यांना.

म्हणजे ताई, त्या बातमीतला अर्धा भाग तुमच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलाय. हे मला तुम्हाला नक्की सांगायचं होतं.

---

विनय_सोलापूर · बुधवार, सकाळी ९:०३

रेणू सर भारी लिहिलंय, पण एक विचारू का, राग मानू नका. २०११ ला झालं २०१६ ला झालं म्हणता मग इतक्या वर्षांत माणसापर्यंत का नाही आलं? माझी मावशी गेली ब्रेस्टमध्ये २०१९ ला, तेव्हापण असल्याच बातम्या यायच्या दर आठवड्याला, उंदीर बरे होतात आणि आपली माणसं जातात. मला खरंच समजून घ्यायचंय की अडतं कुठे.

---

रेणूंचा_मेळ · बुधवार, दुपारी १:३०

विनय, राग कसला, हाच प्रश्न आम्ही लॅबमध्ये रात्री बसून एकमेकांना विचारायचो. मावशींचं वाचून वाईट वाटलं.

अडतं बऱ्याच ठिकाणी. पहिलं म्हणजे उंदराची गाठ कातडीखाली मुद्दाम वाढवलेली असते, शेंगदाण्याएवढी, आठ-दहा दिवसांची. प्रकाशाला जायला जेमतेम काही मिलिमीटर. लाल प्रकाश मांसातून फार तर सेंटीमीटरच्या आसपास उपयोगाचा राहतो. माणसाच्या पोटातल्या किंवा मानेत खोल असलेल्या गाठीपर्यंत जायचं तर सुईतून फायबर आत घालावं लागतं. दुसरं ऑक्सिजन. मोठ्या गाठीच्या मध्यभागी रक्तच धड पोचत नाही, तिथे ऑक्सिजन नाही, म्हणजे तीन पायांच्या तिवईचा एक पाय मोडलेला, आणि जो थोडा असतो तो ही थेरपी स्वतःच वापरून संपवते.

तिसरं सगळ्यात दुखरं. १९८६ मध्ये जपानात मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून मोठे कण तिथे झिरपून साचतात. सगळं नॅनो औषधांचं क्षेत्र या एका गोष्टीवर उभं राहिलं. मग २०१६ मध्ये टोरोंटोच्याच वॉरन चॅन यांच्या ग्रुपने आधीच्या दहा वर्षांचे पेपर एकत्र करून हिशेब मांडला, की टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचतात किती, तर मधला आकडा ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही, आणि तो हिशेबही प्राण्यांवरचाच. उरलेलं बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळतात. मी तेव्हा पीएचडीच्या मध्यावर होतो, आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये त्या दिवशी बराच वेळ कोणी बोललं नाही.

आणि चौथं आमच्या रसायनवाल्यांचं. फ्लास्कमध्ये मेंढरं गोल उभी राहतात, ठीक आहे. पण रक्तात टोचलं की औषध एकदम पातळ होतं, आणि एका मर्यादेखाली पातळ झालं की गोळा सुटतो. शिवाय रक्तातली प्रथिनं येऊन चिकटतात, एकेक रेणू ओढून नेतात. मग आम्ही गोळा घट्ट करायचा, तर तो पेशीत गेल्यावर फुटत नाही. घट्ट पण हवा आणि वेळेवर सैल पण हवा, या एका गोष्टीत माझी तीन वर्षं गेली. थायोकीटलसारखे असे सांधे घालतात जे त्या चवताळलेल्या ऑक्सिजननेच तुटतात, म्हणजे प्रकाश पडला की गोळाही सुटतो आणि आत बांधलेलं दुसरं औषधही मोकळं होतं. उंदरात चालतं. पण दर वेळी किलोभर माल अगदी त्याच आकाराचा, त्याच दाटीचा बनवून दाखवायचा, तेही निर्जंतुक, ही वेगळीच लढाई.

तरी काहीच आलं नाही असं नाही. २००० साली डोळ्यासाठी व्हर्टेपॉर्फिन आलं, पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढतात त्या आजारासाठी. तो रंग पाण्यात विरघळत नाही म्हणून चरबीच्या बारीक कणांत बसवलाय, इंजेक्शन द्यायचं आणि डोळ्यात लाल लेझर टाकायचा. कॅन्सर नाही, पण नॅनो कण अधिक प्रकाश हे माणसात चालतं याचा तो पुरावा आहे. आणि लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या बारीक गोळ्यांतलं, डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध १९९५ पासून आहे, आपल्याकडच्या किमो वॉर्डात रोज दिलं जातं, तेही नॅनो औषधच.

आपल्याकडचं पण सांगतो. आयआयटी मुंबई आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्राच्या लोकांनी मिळून २०१५ मध्ये लायपोसोमवर सोन्याचे कण चढवून काम केलं होतं, प्रकाश टाकला की ते तापतात आणि गाठ भाजते, काम झालं की कण तुटून शरीराबाहेर जाऊ शकतात. तेही उंदरावर. चांगलं काम आहे, पण उंदरावर.

---

गळा_मान_सर्जन · बुधवार, रात्री १०:२०

ओपीडी संपवून आत्ता वाचतोय. मी हेड-नेक कॅन्सरचा सर्जन, विदर्भात काम करतो. केस मी पाहिलेली नाही त्यामुळे हा सल्ला म्हणून नको, माहिती म्हणून घ्या.

मानसी, तुम्हाला ते शेवटचं वाक्य खटकलं ते अगदी बरोबर खटकलं. ‘बाकीची औषधं सुरू करू नका’ असं म्हणणाऱ्या कुठल्याही माणसापासून लांब राहा. परत आलेला तोंडाचा कॅन्सर महिनाभर वाट बघत नाही. माझ्याकडे दरवर्षी असे पेशंट येतात की जे कुठेतरी दोन-तीन महिने घालवून आलेले असतात, तोवर जबडा उघडत नाही, गिळता येत नाही, वजन गेलेलं असतं, आणि मग आमच्या हातात जे होतं तेही उरत नाही. फार जीव तुटतो तेव्हा.

आता सुचवलेल्या उपचाराबद्दल. कमी डोस ऐकून घरच्यांना वाटतं गरिबांसाठी काहीतरी अर्धवट दिलंय. तसं नाही. टाटा मेमोरियलमध्ये १५१ पेशंटवर तुलना करून पाहिलं, एका गटाला तीन गोळ्या, म्हणजे मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब, आणि दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या अधिक निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन, फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० असतो, म्हणजे एका वेळचा दहावा भागसुद्धा नाही. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे माणसांचे आकडे आहेत, उंदरांचे नाहीत, आणि बरेचसे तुमच्या बाबांसारखेच. मी खोटा धीर देत नाही, याने आजार मुळापासून जातो असं नाही, शंभरातल्या निम्म्याहून जास्त लोकांना वर्षही मिळालं नाही. पण आज हातात असलेल्यापैकी हे खरं काहीतरी आहे.

लाईटवाल्या उपचाराबद्दल दोन गोष्टी. अलिगढच्या मेडिकल कॉलेजमध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांबरोबर तोंडाच्या कॅन्सरवर काम झालंय, ३० पेशंट, अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड प्यायला द्यायचं, पेशी त्यातून स्वतःच पॉर्फिरिन बनवते, आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या एलईडी यंत्राने तोंडात लाल प्रकाश द्यायचा. स्वस्त, वीज गेली तरी चालणारं, ग्रामीण भागासाठी मला त्याची फार आशा आहे. पण ते अगदी सुरुवातीच्या, पातळ, वरवरच्या गाठींसाठी. मानेतल्या गाठीसाठी नाही.

दुसरं जपानचं. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये अकालक्स नावाचं औषध मंजूर झालं, ते नेमकं डोकं आणि मानेच्याच कॅन्सरसाठी, ऑपरेशन होऊ शकत नाही किंवा परत आलाय अशांसाठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांचं संशोधन. यात नॅनो गोळा नाही, कॅन्सरच्या पेशीला चिकटणाऱ्या सेटुक्सिमॅब अँटीबॉडीला आयआर७०० हा रंग जोडलाय. कोणीतरी ते सुचवेल म्हणून आधीच सांगतो, गाठ कॅरोटिड या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत शिरली असेल तर ते देतच नाहीत. कारण गाठ झपाट्याने मेली की तिने खाल्लेली भिंत उघडी पडते आणि मानेतून एवढा रक्तस्राव होतो की आवरत नाही. तुम्ही लिहिलंय रक्तवाहिनीला चिकटलीय. नुसती टेकलीय, की तिला वेढलंय, की आत शिरलीय, हे स्कॅनच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांना जरूर विचारा. आणि आता विचार करा, ते सेंटर स्कॅन न बघता फोनवर तीन सिटिंग ठरवतंय.

---

योकोहामाची_प्राची · गुरुवार, पहाटे ५:५०

मी जपानमध्ये नऊ वर्षं आहे, हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून काम करते, अकालक्सच्या एका पेशंटबरोबर मी पूर्ण वेळ होते म्हणून लिहितेय. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिल्या दिवशी सलाईनमधून औषध, दुसऱ्या दिवशी भूल देऊन गाठीत बारीक फायबर खुपसून ६९० नॅनोमीटरचा लाल प्रकाश, तोही काही मिनिटंच. मला वाटलं होतं एवढंच. पण औषध दिल्या क्षणापासून खोलीचे पडदे बंद, मंद दिवा, सगळे अंधारात वावरतायत, आणि घरी गेल्यावरही काही आठवडे थेट ऊन टाळायचं, बाहेर पडलं तर हातमोजे टोपी सगळं. प्रकाशानंतर दुखणं खूप होतं, त्यासाठी भारी वेदनाशामकं लागली. गळा सुजून श्वास अडू शकतो म्हणून आधीच श्वासनळीची तयारी ठेवलेली होती. आणि हे सगळ्या हॉस्पिटलमध्ये होत नाही, ज्यांना ट्रेनिंग आहे तिथेच, सरकारी विम्यात बसतं पण तो इथे राहणाऱ्यांसाठी.

त्या पेशंटची गाठ पुढच्या काही दिवसांत काळी पडून गळून गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं. खरंच होतं ते. पण शेजारी दुसरीकडे आलेली गाठ तशीच राहिली, लांबच्या गाठीचं जे उंदरात होतं ते इथे नाही झालं.

मानसी, मला बाबा नाहीत आता. जमीन तारण ठेवायचं वाचून पोटात कालवलं. भावाला ओरडू नकोस, लांब राहणाऱ्याला काहीतरी करायचंच असतं, त्याचा जीव तिथे राहून जास्त तडफडतो, हे मी स्वतः इथे बसून अनुभवलंय. त्याला काहीतरी खरं काम दे.

---

विनय_सोलापूर · गुरुवार, सकाळी ८:४०

प्राची ताई म्हणतायत ते लाख बोलल्या. भावाला हे काम देता येईल, सीटीआरआय म्हणून सरकारी रजिस्टर आहे ऑनलाईन, भारतातल्या सगळ्या मान्यताप्राप्त ट्रायल तिथे नोंदवाव्या लागतात. कोणी म्हणालं आमच्याकडे नवीन नॅनो लाईट उपचार आहे तर म्हणायचं नोंदणी क्रमांक द्या. मावशीच्या वेळेला आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

---

गळा_मान_सर्जन · गुरुवार, दुपारी २:१०

विनय, अगदी बरोबर. आणि त्याला जोडून, खऱ्या ट्रायलमध्ये तपासलं जाणारं औषध पेशंटला विकत घ्यावं लागत नाही. सहीसाठी संमतीपत्र मराठीत मिळतं, एथिक्स कमिटीचा नंबर त्यावर असतो, कधीही बाहेर पडता येतं. त्याच ट्रायलसाठी साडेतीन लाख मागितले की समजून जा. सेकंड ओपिनियन हवं असेल तर टाटाची ‘नव्या’ ही ऑनलाईन सेवा आहे, रिपोर्ट पाठवले की मुंबईला न जाता तिथल्या तज्ज्ञांचं मत मिळतं, हे काम भाऊ बंगळुरूत बसून करू शकतो. पण त्यासाठी गोळ्या सुरू करणं अडवू नका.

---

कराडची_मानसी · गुरुवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाहीये. काल रात्री भावाला फोन लावून पूर्ण धागा वाचून दाखवला, मेंढरांचं आलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसून ऐकायला लागला. सर्जन सरांचा मानेतल्या रक्तवाहिनीचा भाग वाचला आणि तो रडायलाच लागला, म्हणाला मी काय करायला निघालो होतो. त्याने आज सेंटरला फोन करून नोंदणी क्रमांक मागितला, ते म्हणाले ‘तो अंतर्गत असतो’. परत फोन आला नाही.

स्कॅनचा रिपोर्ट काढून बघितला, त्यात रक्तवाहिनीला अर्ध्याहून जास्त वेढलंय असं लिहिलंय. आज डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी चित्र काढून दाखवलं, इतके दिवस आम्ही विचारलंच नव्हतं.

आईला मी असं सांगितलं की शेकाची लाईट वेगळी आणि ही वेगळी, हिच्यात रंग लागतो आणि तो रंग अजून आपल्यासाठी तयार झालेला नाही. तिने विचारलं तयार होईल का. मी म्हटलं लोक करतायत. ती म्हणाली बरं.

बाबांच्या गोळ्या आज सकाळी सुरू झाल्या, इंजेक्शन सोमवारी. एक शेवटचं विचारायचंय, तोंड दोन बोटांएवढंच उघडतंय आणि गोळ्या गिळताना त्रास होतो, कुटून पाण्यात दिल्या तर चालतात का?

---

गळा_मान_सर्जन · गुरुवार, रात्री १०:०५

घरी कुटू नका. मेथोट्रेक्सेट ही किमोची गोळी आहे, तिची पूड हाताला आणि श्वासात जाते, घरात गरोदर कोणी असेल तर अजिबातच नाही. आणि ती गोळी आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच असते, रोजची नाही, कॅलेंडरवर लाल पेनाने वार लिहून ठेवा, यात चूक झालेली जीवघेणी ठरते. गिळता येत नसेल तर सोमवारी इंजेक्शनच्या वेळी सांगा, नाकातून नळी घालायची का ते तिथे ठरवतील, नळीतून गोळ्या कशा द्यायच्या ते सिस्टर हातात दाखवतात. तोंड उघडण्याचे व्यायाम थांबवले असतील तर फिजिओला विचारून परत सुरू करा. आणि आजचं वजन लिहून न्या.